सत्यवतीबाईंचं नाक

पाण्याचा वास घेऊन माशाचं दुखणं सांगणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि पहिल्या दिवशी तरी मला वाटलं होतं की पुन्हा हिचं तोंड पाहायला लागू नये.

अकोल्यात जठारपेठेच्या एका गल्लीत, झेरॉक्सवाला आणि शिलाई मशीन दुरुस्त करणारा यांच्या मधल्या खोलीत सत्यवतीबाईंचं दुकान आहे. तीन भिंतींना माशांच्या काचेच्या पेट्या, जमीन बारा महिने ओली. मी उंबऱ्यातच थांबलो. शेवाळाचा कुबट वास, त्यात माशांच्या खाद्याचा वास, आणि टेबलावर एका ताटलीत माशांना घालायच्या लाल अळ्यांचा वळवळणारा गुंता. त्या ताटलीपासून वीतभर अंतरावर बाई ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी खात बसल्या होत्या. मी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"रुमाल काढा," घास चावत त्या म्हणाल्या. "अळ्या जित्या हायेत, धुतलेल्या हायेत. वास तुमच्या डब्यातल्या पाण्याले येऊन राहिला. इथवर."

पन्नाशी उलटलेली, काळीसावळी बाई. पदर कमरेला खोचलेला, नाकात बारीकशी फुली. हात धुऊन त्यांनी माझ्या हातातला स्टीलचा डबा घेतला, झाकण काढलं आणि सरळ नाक आत घातलं. मला शिसारी आली. खरं सांगतो, मला लवकर शिसारी येते. मी खुशालराव. एका सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. दुसऱ्याच्या ग्लासात पाणी पीत नाही, बसस्टँडवरच्या बाकावर पेपर अंथरल्याशिवाय बसत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या मारणारे लोक पाहिले की मला त्यांच्या खानदानाचा उद्धार करावासा वाटतो. मी स्वतः तंबाखूचा खर्रा खायचो, नाही म्हणत नाही. पण थुंकायचो ते नालीत, आणि आधी इकडेतिकडे पाहून. माझ्या स्वच्छतेची उडी एवढीच.

डब्यात होता नवरदेव. म्हणजे निळ्या-जांभळ्या रंगाचा बेट्टा मासा, ज्याला दुकानात फायटर म्हणतात. झुलणारी लांब शेपटी आणि पर पाहून माझ्या मुलीनं, प्रणालीनं, त्याचं नाव नवरदेव ठेवलं होतं. शेरवानी घालून वरातीत फिरतो तसा फिरायचा तो पेटीत. प्रणाली जूनमध्ये पुण्याला नोकरीला गेली. एकुलती एक पोरगी. निघायच्या दिवशी तिनं माझा उजवा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि दोन गोष्टी वदवून घेतल्या.

"दिवाळीले मी येईन तवा नवरदेव असाच दिसला पाहिजे. अन् खर्रा आजपासून बंद. म्हना, बाबा."

मी म्हटलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं. दुसरी शपथ आठ दिवसांत मोडली. मग मनाशी ठरवलं की निदान पहिली पाळायची. मासा जिवंत आणि देखणा राहिला की झालं, अर्धी तरी शपथ पाळल्यासारखं होईल. माझं सगळं आता त्या अडीच इंचाच्या जिवावर टेकलं होतं, आणि जुलैत त्याच्या शेपटीला मधोमध चीर पडली.

सत्यवतीबाईंनी डबा दाराशी नेऊन उजेडात धरला.

"काठ काळा नाई, लाल नाई, बुरशी नाई. सडलं नाई हे, फाटलं हाये. पेटीत काय ठेवलं हाये?"

"प्लास्टिकचं झाड आहे एक."

"आना थे झाड."

दुसऱ्या दिवशी नेलं. त्यांनी ड्रॉवरमधून जुन्या नायलॉनच्या साडीची एक पट्टी काढली आणि झाडाच्या पानांवरून ओढली. पट्टीचा धागा अडकला आणि चर्रकन ओढला गेला.

"पाह्यलं? जिथं साडी अडकते, तिथं याचा शेला फाटते." झाड कचऱ्याच्या डब्यात गेलं. वरून त्यांनी मला जंगली बदामाची दोन वाळकी पानं दिली. शाळेच्या भिंतीजवळ झाड आहे, त्याखाली रोज सकाळी त्या पानं वेचतात. "धुऊन टाकजा पेटीत. पाणी चहावानी होईन, भेऊ नोका. जखम भरते त्यानं."

साडीची पट्टी फिरवायची युक्ती त्यांच्या नवऱ्याची, उत्तमरावांची. हे दुकानही त्यांचंच. सत्यवतीबाईंचं माहेर चांदूर बाजारकडचं, माळ्याचं घर. वांगी, मेथी, शेवंती. पानावरचा डाग पाहून करपा की अळी हे त्या सहा वर्षांच्या असल्यापासून सांगायच्या. पण माशाचं नाव काढलं तरी त्यांना मळमळायचं. लग्नानंतर पंधरा वर्षं त्यांनी दुकानाची पायरी चढली नव्हती. मग उत्तमरावांच्या तोंडात फोड आला. त्यांचा अर्धा जबडा काढला, आणि वर्षभरात ते गेले. हे सगळं बाईंनी मला एका पेटीतलं सडकं पान बोटांनी काढता काढता सांगितलं. आवाजात काही फरक नव्हता.

"तेरवीनंतर शटर उघडलं. म्हटलं, पेट्या इकून टाकू. आत असा वास, बापा! अर्धे मेले होते. नालीवर जाऊन दोनदा ओकली मी. मंग पदर नाकाले बांधला अन् मेलेले हातानं काढले. बाकीचे काचेले तोंड लावून माह्याकडं पाहून राहिले होते. त्यायले काय सांगू, मालक मेला म्हून?"

तेव्हापासून त्या दुकानात आहेत. किळस काही गेली नाही. ती त्यांनी कामाला लावली, एवढंच. पाण्याला अंड्याचा वास आला तर तळाशी खाणं कुजलं आहे, कपड्याच्या सोड्याचा आला तर कुणी पेटी साबणानं धुतली आहे. नाक आणि डोळे, दुसरं यंत्र नाही.

आणि तोंड. ते तर विचारूच नका. एकदा माझ्यासमोर खारपाणपट्ट्यातल्या गावाहून एक माणूस मोटरसायकलवर पिशवी टांगून आला. मासा पिशवीत आडवा, पाणी पिवळं.

"पर झडून राहिले म्हून मूठभर मीठ टाकलं, अन् हळद," तो म्हणाला.

"पाणी कोणतं?"

"बोरिंगचं."

"तुमच्याइकडलं बोरिंगचं पाणी ढोरं पेत नाईत, इतकं खारं. त्यात मूठभर मीठ! अन् हळद! मंग फोडणी काहून नाई देल्ली?"

दुसऱ्यांदा एक बाई आल्या, मुलाच्या वाढदिवसाला पंचवीस फायटर प्लास्टिकच्या ग्लासांतून वाटलेल्या. आठ उरले होते, त्यातले पाच मेलेले. सत्यवतीबाईंनी जिवंत तीन काढून घेतले आणि मेलेले पाच तसेच पिशवीत बांधून त्यांच्या हातात दिले. "हे तुमचे. घरी नेऊन पुरजा, पोट्ट्याले पाहू देजा," म्हणाल्या. त्या बाईंचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी एका बाजूला स्टुलावर बसून मजा घेत होतो. दुसऱ्याची खरडपट्टी निघताना पाहायला मला लहानपणापासून आवडतं. काय गलिच्छ लोक असतात, असं म्हणत मी घरी जायचो आणि वाटेत पानठेल्यावर थांबायचो.

शेपटीची चीर भरली. ऑगस्ट लागला आणि शेपटीचे काठ करवतीच्या दात्यांसारखे झाले, पांढुरके. पुन्हा डबा, पुन्हा जठारपेठ.

"नळ कवा आला होता?" त्यांनी विचारलं.

आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. कुठल्या भागात कधी आला याच्या पेन्सिलीच्या खुणा त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतात. नळ आला की दुसऱ्या दिवशी त्या भागातले रोगी येतात, असा त्यांचा हिशेब.

"परवा आला," मी म्हणालो.

"अन् पाणी कवा बदलवलं?"

"परवाच. एकदम ताजं घातलं."

"ताजं!" त्यांनी कपाळाला हात लावला. "ताज्या पाण्यात पावडर असते, भाऊ. क्लोरीन. परं जळतात त्यानं. दोन दिस बादलीत उघडं ठेवत जा, मंग घाला."

मी तेही केलं. बादली वेगळी ठेवली, तिला पोछ्याचं फडकं लावू दिलं नाही, बायकोशी त्यावरून भांडलो. आमची चंदा पेटीच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती, तिला माशाची घाण वाटते. सगळं मीच करायचो. रोज दोन वेळा दाणे, तळातली घाण काढणं, पान बदलणं. संध्याकाळी आठला प्रणालीचा व्हिडिओ कॉल यायचा. मी मोबाईल पेटीसमोर धरायचो. नवरदेव माझ्या बोटातून दाणा घ्यायला वर यायचा आणि ती टाळ्या वाजवायची. "बाबा, माह्यापेक्षा तुमालेच ओळखते थो!" पोरगी हसली की मला वाटायचं, चला, निभावलं.

निभावलं कुठलं! पोळ्याच्या आदल्या दिवशी पाहिलं तर शेपटी अर्धी झाली होती. उरलेली गुंडाळल्यासारखी, अंगावर पांढरट चिकटा. तळाशी पडून नुसता कल्ले हलवत होता. मी डबा घेऊन जवळजवळ पळतच गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, झेरॉक्सवालाही सुट्टे मागायला आला होता.

"स्वतःची शेपटी चावतो का हा?" मी विचारलं. तेवढं मी मोबाईलवर वाचलं होतं.

"चावली असती तं अर्धगोल तुकडा गेला असता. हे तसं नाई. हे काठाकाठानं जळून राहिलं." त्यांनी डब्यात नाक घातलं. एकदा. मग थांबून पुन्हा एकदा. त्यांचा चेहरा बदलला. "याच्यात हात कोण घालते?"

"मीच. बायको शिवत नाही."

"दाने कसे टाकता?"

मी जरा ऐटीतच सांगितलं की चिमटीत दाणे धरून बोटं पाण्यात बुडवतो, तो माझ्या बोटातून खातो.

"दाखवा बरं."

मी उजव्या हाताची तीन बोटं जुळवून पुढे केली. बाईंनी मनगट धरलं, चिमूट नाकापाशी नेली आणि मेलेला उंदीर टाकावा तसा माझा हात टाकून दिला.

"खर्रा," त्या म्हणाल्या. "सुपारी, तंबाखू, चुना. तिनई या चिमटीत. रोज दोन टाइम तुमी याले खर्रा चारून राहिले, भाऊ."

झेरॉक्सवाला हसला. त्याच्याही गालात पुडी होतीच, पण तो हसला.

"मी हात धुतो," मी म्हणालो.

"साबणानं?"

"पुसतो. रुमालानं."

"थ्याच रुमालानं? जो इथं येऊन नाकाले लावला होता?"

मी रुमाल खिशात खोल कोंबला. गावभरच्या लोकांना नाकानं कांदे सोलून शिकवणारा मी, माझ्याच बोटांचा वास मला कधी आला नव्हता. तीस वर्षांच्या सवयीनं नाक मेलं होतं. आणि तो मुका जीव रोज वर येऊन माझ्या बोटाला तोंड लावत होता.

सत्यवतीबाईंनी नवरदेवाला एका बरणीत ओतलं, बदामाचं पान टाकलं आणि बरणी आपल्यामागच्या फळीवर ठेवली. "हा आता माह्यापाशी राहीन. तुमचं हे पिवळं नख वाढून निघालं, चिमटीचा वास गेला, की घेऊन जा. त्याची शेपटी अन् तुमचं नख. पाहू कोण आधी येते."

त्या संध्याकाळी आठला फोन वाजला. "नवरदेव कुठाय, बाबा?"

"दवाखान्यात ठेवला आहे," मी म्हणालो. "नळाच्या पाण्यात क्लोरीन फार आलं होतं."

तिचे डोळे भरले. "तुमी किती काळजी घेऊन राहिले त्याची," ती म्हणाली. चंदा स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तिनं भांडं जरा जोरात आपटलं, बाकी काही नाही.

मी सोडला, खोटं नाही सांगत. अकरा दिवस सोडला. डोकं ठणकायचं, कुणावरही ओरडायचो, बडीशेप खाऊन खाऊन तोंडाला फेस आला. दर आठवड्याला जठारपेठेत हात दाखवायला जायचो. बाई वास घेत, नख पाहत, आणि मग बरणी दाखवत. नवरदेवाला शेपटीच्या काठी नवीन पापुद्रा फुटत होता, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक. "औषध काहीच नाई देल्लं," त्या म्हणायच्या. "तुमाले बाजूले केलं, बस."

बाराव्या दिवशी मी पानठेल्यावर उभा होतो आणि माझ्या डोक्यात विचार आला की बाई वास घेतात तो उजव्या हाताचा.

मी डाव्या हातानं खर्रा खायला शिकलो. पहिल्यांदा सांडायचा, शर्टावर पडायचा. मग जमलं. पंचावन्न वर्षांत मी इतक्या चिकाटीनं दुसरं काहीही शिकलेलो नाही. उजव्या नखाची पिवळी कड वर सरकत गेली आणि मी ती कापत गेलो. लिंबू घासलं. सत्यवतीबाई उजवा हात पाहून म्हणायच्या, "जमून राहिलं, भाऊ," आणि मी खाली मान घालून हसायचो. आज हे लिहिताना मला त्या हसण्याची ओकारी येते. तेव्हा येत नव्हती.

दिवाळीला प्रणाली आली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं जठारपेठेत गेलो, काचेची नवी बरणी घेऊन. घरून निघायच्या आधी मी दूध आणायच्या निमित्तानं बाहेर जाऊन आलो होतो आणि वर तीन वेलदोडे चघळले होते.

फळीवरून बरणी खाली आली. नवरदेव पूर्ण सजला होता. जुनी शेपटी गडद, नवी कड जरा फिकी, मधे रेघ आखल्यासारखी खूण, पण शेपटी पुरी. प्रणाली खाली बसून काचेला नाक लावून पाहत राहिली. "किती सुंदर केलं हो तुमी त्याले, काकू."

"हात," सत्यवतीबाई मला म्हणाल्या.

"हात कशाले?" प्रणालीनं विचारलं.

"असंच, त्यांची एक पद्धत आहे," मी घाईनं म्हणालो आणि उजवा हात पुढे केला. बाईंनी वास घेतला. नख उजेडाकडे वळवून पाहिलं. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच हसू पाहिलं.

"निघालं नख. घेऊन जा तुमचा नवरदेव. जाच्या आधी एक दाना घाला त्याले तुमच्या हातानं. पाहू, ओळखते का."

त्यांनी दाण्यांची डबी पुढे धरली. नवरदेव वर आला, तोंड उघडलं. प्रणालीनं मोबाईल काढला. मी खुशीत होतो. दाण्याची चिमूट घेतली आणि पाण्याकडे नेली.

बाईंनी मधेच मनगट पकडलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी डावा हात घातला होता. दोन महिन्यांत चिमूट घ्यायचा हात तोच झाला होता.

त्यांनी तो नाकाजवळ नेला. उजव्यासारखा टाकून दिला नाही. तसाच धरून ठेवला.

"माह्याही घरी डावा हात होता," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत उजवा दाखवाचा थो मले. मी वास घ्याची अन् खूश व्हाची."

मग त्यांनी माझ्या बोटांतले दाणे आपल्या हातानं झटकले, साबणानं हात धुतले आणि बरणी पुन्हा फळीवर ठेवली. प्रणाली उठून उभी राहिली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या हाताकडे पाहत होती. घरात कुणी काही सांडलं तर आपण त्या जागेकडे पाहतो तसं.

"काकू," ती म्हणाली, "नवरदेव तुमच्यापाशीच राहू द्या."

दिवाळीचे चार दिवस ती सगळ्यांशी बोलली, माझ्याशीही बोलली. चहा दिला, नवा शर्ट कसा आहे विचारलं. क्लोरीनचा विषय एकदाही काढला नाही. चंदानंही काढला नाही. घरात इतकं शहाणपण मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते सहन होत नव्हतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिची पुण्याची गाडी होती. मी स्टेशनवर सोडायला गेलो. बॅग चढवली, खिडकीची जागा पाहिली. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना ती खाली उतरली आणि नेहमीसारखी पाया पडायला वाकली. मी आशीर्वादाला हात उचलला.

"कोणता हात हाये, बाबा?" तिनं वाकलेलीच असताना, वर न पाहता विचारलं.

हात तसाच अधांतरी राहिला. उजव्यानं तिच्या डोक्यावर शपथ घेतली होती, डाव्यानं ती मोडली होती. मी दोन्ही हात मागे घेतले. ती थोडा वेळ वाकून थांबली, मग उठली, आणि डब्यात जाऊन आपल्या जागेवर बसली.